साहेबांचं नाक

साहेब आत यायच्या आधी त्यांचं नाक आत यायचं. काचेचं दार ढकलून ते उंबऱ्यातच थांबायचे, मान किंचित वर, डोळे अर्धे मिटलेले. आम्ही सगळे हातातलं काम सोडून त्यांच्या नाकपुड्यांकडे बघत राहायचो. मग निकाल लागायचा. "फ्रीजमध्ये कोथिंबीर सडतेय." किंवा, "सहा नंबरच्या टेबलावर काल कुणीतरी बिअर सांडली. पुसली, पण धुतली नाही." आणि खरोखर सडत असायची. खरोखर सांडलेली असायची. माणूस चुकला की त्याच्यावर रागावता येतं. जो कधीच चुकत नाही त्याचं काय करायचं, हे मला त्या नोकरीत असेपर्यंत कळलं नाही.

गंगापूर रोडवरच्या त्या रेस्तराँत मी मॅनेजर होते आणि साहेब मालक. त्याआधी त्यांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, इन्स्पेक्शनमध्ये गेलेली. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, आणि केसभर जरी फरक असला तरी त्याला लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, देवळात जातात. साहेबांनी फंडाचे सगळे पैसे घालून शहरातलं सगळ्यात झगमगीत रेस्तराँ काढलं आणि तिथे लोकांना पास-नापास करायला सुरुवात केली.

लाल चिठ्ठ्या त्यांनी सोबतच आणल्या होत्या. डगमगणाऱ्या खुर्चीला चिठ्ठी. चिरा गेलेल्या बशीला चिठ्ठी. एकदा मी नवा ड्रेस घालून आले, त्याच्या बाहीची शिवण उसवली होती, तर माझ्या खांद्यावर चिठ्ठी. मी ती दुपारपर्यंत अंगावर मिरवत होते आणि मला कुणी सांगितलं नाही, कारण साहेबांनी लावलेली चिठ्ठी काढायची हिंमत कुणात नव्हती.

"मॅडम, विमान हवेत थांबवून दुरुस्त करता येत नाही," हे त्यांचं पेटंट वाक्य. सूपमध्ये मिरपूड जास्त झाली की विमान. वेटरच्या बुटाची नाडी सुटली की विमान. मी एकदा वैतागून म्हणाले, "साहेब, सूप परत नेता येतं." तर ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, की जणू मी कारखान्याच्या धावपट्टीवर म्हैस बांधली होती.

गिऱ्हाइकांनाही सोडायचे नाहीत. मुंबईहून द्राक्षबागा बघायला आलेल्या एका बाईंना ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "ताई, आपण बाहेरच्या टेबलावर बसाल का? आपल्या अत्तरामुळे शेजारच्यांना त्यांचं मशरूम कळत नाहीये." त्या बाई उठल्या आणि थेट गाडीत जाऊन बसल्या. मी पार्किंगपर्यंत धावत गेले, माफी मागितली, बाई काही ऐकेनात. परत आले तर साहेब शेजारच्या टेबलापाशी उभे राहून विचारत होते, "आता कळतंय ना मशरूम?"

स्वयंपाकघर रफीकभाईंचं होतं. ते मूळचे मालेगावचे. घरात सगळे यंत्रमागावर, हे एकटेच लहानपणी आजीच्या चुलीपाशी रमले आणि पुढे कुठल्या कुठल्या हॉटेलांतून पास्ता, पांढरा सॉस, भाजलेलं कोकरू असलं सगळं शिकत आले. त्यांचा पांढरा सॉस खायला लोक पुण्याहून येत. मुख्य म्हणजे साहेबांच्या नाकाला पुरून उरणारा आमच्याकडे तो एकच माणूस. साहेब चमचा चाखायचे, डोळे मिटायचे, आणि काही न बोलता निघून जायचे. न बोलणं म्हणजे पास. रफीकभाई मग माझ्याकडे बघून मिशीत हसायचे.

मग साहेबांना ताप आला. साधाच, पण लांबला. ते बरेच दिवस घरी होते, आणि खरं सांगते, ते दिवस आमचे फार सुखात गेले. परत आले तेव्हा वाळले होते. दारात थांबले, मान वर केली, पण निकाल काही दिला नाही. सरळ आत गेले, सॉसचा चमचा तोंडात घातला, आणि सिंकमध्ये थुंकले.

"करपलाय."

रफीकभाईंना वाटलं चेष्टा करतायत. "साहेब, अभी अभी बनाया. बघा तरी."

"बघायचं काय त्यात? करपलाय. टाकून द्या."

टाकून दिला. दुसऱ्या दिवशीचाही टाकला. मग सूप करपलं, मग पाव करपला, मग म्हणे क्रीमच खराब येतंय, दूधवाला बदला. दूधवाला बदलला. गॅसची शेगडी बदलली. भांडी बदलली. मी प्रत्येक गोष्ट चाखून बघायचे, मला करपट काही लागायचं नाही; पण साहेबांचं नाक कधी चुकलेलं नव्हतं, तेव्हा मला वाटायचं की माझीच जीभ अडाणी. रफीकभाई तर रात्रंदिवस झुरायला लागले. एकदा मला म्हणाले, "मॅडम, मेरे हाथ को कुछ हुआ है."

आणि एका सकाळी साहेबांनी सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं की रेस्तराँ बंद. कायमचं नव्हे, पण जेव्हा उघडेल तेव्हा वेगळ्या नावानं, वेगळ्या जेवणानं. पास्ता नाही, सॉस नाही, क्रीम नाही. "परक्या जेवणाची परीक्षा मी कशी करणार? मला काय माहीत ते मुळात कसं लागायला हवं?" असं म्हणाले. "आपल्या जिल्ह्यात जे शिजतं ते इथं शिजेल. ते कसं लागतं हे मला पाठ आहे."

"साहेब, लोक इथे पास्ता खायला येतात," मी म्हणाले.

"मग आता भाकरी खायला येतील."

"गंगापूर रोडवर? वातानुकूलित हॉलमध्ये? भाकरी?"

"का? भाकरीला उकडत नाही?"

रफीकभाईंनी अंगातला पांढरा कोट काढला, घडी घातली, ओट्यावर ठेवला. मी त्यांच्या मागे गेले तेव्हा ते मागच्या दाराशी उभे होते. "मैं अंग्रेज़ी खाना इसलिए सीखा मॅडम," ते म्हणाले, "की कोणी बोलू नये, ये तो घर का खाना है. आता तेच बोलतायत." मी त्यांना थांबवलं. कसं थांबवलं ते आठवत नाही. बहुतेक साहेबांना भरपूर शिव्या घातल्या. त्यानं माणसं थांबतात.

नावाचं प्रकरण तर ऐकूच नका. साहेबांनी ठरवलं, नाव "घास". पाटी फक्त देवनागरीत.

"साहेब, आपल्याकडे निम्मे लोक हिंदी बोलणारे येतात. ते गवत वाचतील."

"वाचू देत."

"फोन करून विचारतील, शुद्ध शाकाहारी आहे का, सॅलड मिळतं का."

"मग त्यांना मराठी शिकवा. मॅनेजर कशाला आहात?"

पाटी लागली. पहिल्या आठवड्यात तसे फोन आलेच. एकानं तर लॉनसाठी गवताचे गालिचे आहेत का म्हणून चौकशी केली. मी फोन साहेबांच्या हातात दिला. त्यांनी त्या माणसाला बराच वेळ घास, कवळ आणि ग्रास यांतला फरक समजावून सांगितला, आणि शेवटी जेवायला यायचं निमंत्रण दिलं.

पदार्थ गोळा करण्यासाठी ते जिल्हाभर हिंडले आणि मला हिंडवलं. पेठच्या डोंगरात नागलीची भाकरी खाल्ली, सटाण्याकडे फुणके, म्हणजे डाळीचे उकडलेले मुटके, आणि कढी. प्रत्येक ठिकाणी मी ताट चाटूनपुसून खायचे आणि साहेब दोन घास खाऊन डोळे मिटून बसायचे. बाई विचारायची, "कसं झालंय?" हे म्हणायचे, "बरोबर आहे." चांगलं नाही, वाईट नाही, बरोबर. गणिताचं उत्तर तपासल्यासारखं.

एकदा न सांगता आमच्या घरी आले, इंदिरानगरला. रविवारची दुपार, आई जेवायला बसणार इतक्यात हे दारात. आईनं ताट वाढलं. साहेबांनी बाजरीची भाकरी हातात घेतली, उजेडाकडे धरली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मधे पातळ, कडेला जाड."

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. आई मात्र शांतपणे म्हणाली, "मग उद्या तुम्ही या थापायला."

हा माणूस दुसऱ्या दिवशी खरंच आला. पिशवीत पीठ घेऊन. आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी भाकऱ्या थापल्या, फाटक्या, वेड्यावाकड्या, एकही तव्यापर्यंत धड पोचली नाही. आई त्यांच्या डोक्याशी उभी राहून म्हणत होती, "साहेब, जोर नका लावू, ती काय विमानाचं पातं आहे का?" मी बाहेरच्या खोलीत कपाळाला हात लावून बसले होते. जाताना साहेब आईला म्हणाले, "तुमची कड जाड असू दे. तीच बरोबर आहे."

रफीकभाईंनी हळूहळू मन लावलं. त्यांना सांगितलेलं त्यांनी कधी अर्धवट केलं नाही. पण साहेबांचं 'करपलंय' सुरूच होतं. कधी यायचं, कधी यायचं नाही. जुने, ओळखीचे पदार्थ ते डोळे मिटून पास करायचे, आणि त्याच पातेल्यातला दुसरा चमचा नापास. माझ्या तर नाकी नऊ आले होते.

अखेर उद्घाटनाची संध्याकाळ आली. हॉल भरलेला. डॉक्टर, बिल्डर, द्राक्षबागायतदार, वाइनवाले, आणि खाण्याचे व्हिडिओ करणारी एक मुलगी, जिला साहेबांनी दारातच सांगितलं होतं की आधी जेव, मग दाखव. पितळी ताटं मांडलेली. पाहुणे चपला काढून, हात धुऊन बसलेले. आत आमटी, भाकऱ्या, भरीत, फुणके, वरईचा भात, सगळं तयार. आता वाढायचं, एवढ्यात साहेब शेवटचं चाखायला आत आले.

आमटी चाखली. भरीत चाखलं. भाताचं शीत दाताखाली धरलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"सगळं करपलंय."

रफीकभाईंचा हात पळीवरच थांबला. मी पुढे होऊन सगळं पुन्हा चाखलं. आमटी इतकी सुंदर झाली होती की मला रडू आलं, संतापानं. "साहेब, काही करपलेलं नाही. शपथेवर सांगते."

"वाढायचं नाही."

"साहेब, लोक ताटावर बसलेत!"

"नापास माल मी बाहेर जाऊ दिलेला नाही. कधीच नाही." आणि मी अडवायच्या आत ते हॉलमध्ये गेले, मधोमध उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "मंडळी, क्षमा करा. आजचं जेवण बिघडलंय. मी ते तुम्हाला वाढू शकत नाही."

कुणीतरी हसलं, त्याला वाटलं गंमत आहे. एका बिल्डरनं उठून चपला शोधायला सुरुवात केली. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. रेस्तराँ संपलं, आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या संपल्या, आणि या माणसाला ते कळतसुद्धा नाहीये.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. रफीकभाई स्वतः आमटीचं पातेलं फडक्यात धरून बाहेर आले. हा माणूस एरवी पाहुण्यांसमोर कधी येत नसे. पहिल्याच टेबलापाशी थांबले, एका वयस्कर डॉक्टरांच्या वाटीत पळी ओतली आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, आप बोलो. करपलंय का?"

डॉक्टरांनी खाल्लं. साहेबांकडे बघितलं, रफीकभाईंकडे बघितलं. "अजिबात नाही," ते म्हणाले. "अजून वाढा."

मग कुणी थांबलं नाही. वेटर धावले, भाकऱ्या आल्या, बिल्डरनं पायातल्या चपला परत काढल्या. आणि त्या सगळ्या गडबडीत साहेब मागच्या दारानं निघून गेले.

ते पार्किंगमध्ये, कडुनिंबाखाली भिंतीला टेकून उभे होते. घामाघूम. मी तावातावानंच गेले होते, पण त्यांचा चेहरा बघून आधी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी घोट घेतला आणि तसाच थुंकला.

"करपलंय हे पण."

"साहेब," मी म्हणाले, "पाणी करपत नाही."

त्यांनी ग्लास भिंतीच्या कडेला ठेवला. मग म्हणाले, "माहीत आहे मला."

तापानंतर सुरू झालं होतं ते सगळं. आधी वास गेला, मग परत आला तो असा. चहा करपलेला, साबण करपलेला, बायकोच्या केसांचं तेल करपलेलं. नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बरं होईलही, किंवा होणारही नाही. जुने पदार्थ तेवढे आठवणीच्या जोरावर ओळखता यायचे, म्हणून सगळं रेस्तराँच त्यांनी आठवणीतलं करून टाकलं होतं. तेही नेहमी जमायचं नाही.

"मग सांगायचं होतं ना!" माझा आवाज चढला. "त्या रफीकभाईंना वाटतंय त्यांचा हात गेला. दूधवाल्याचं दूध बंद केलंत. आम्ही शेगड्या बदलत बसलो!"

"मॅडम, कारखान्यात मोजायचं यंत्र चुकीचं दाखवायला लागलं की आम्ही ते कपाटात बंद करून टाकायचो," ते म्हणाले. "मला कपाटात बसायचं नव्हतं."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आलीही थोडी. पण जास्त राग आला, आणि तो मी लपवला नाही. "तुम्ही आत जाऊन रफीकभाईंशी बोला," मी म्हणाले. "आत्ता."

ते आत्ता गेले नाहीत. असल्या माणसांना आत्ता काही जमत नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आले, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. त्या दारातून ते कधी विचारून आत गेले नव्हते. "येऊ का?" त्यांनी विचारलं.

रफीकभाई कांदा चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "चप्पल निकालके."

साहेबांनी चपला काढल्या. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते. रफीकभाई म्हणाले, कांदा होता. त्या दिवसापासून जेवण पास-नापास करायचा अधिकार त्यांचा. त्यांनी तो पहिला वापरला तो नागलीच्या पिठाच्या शेवया करून आपल्या जुन्या पांढऱ्या सॉसमध्ये घालायला. साहेबांनी ताटाकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. आज घासमध्ये सगळ्यात जास्त तेच खपतं.

दूधवाल्याकडे मात्र ते स्वतः गेले आणि त्याला परत घेऊन आले.

तुम्हाला वाटेल, आता हा माणूस निवळला असेल. छे. आता त्यांनी नवीन सुरू केलं. कुठल्याही टेबलाशी खुर्ची ओढून बसायचे आणि जेवणाऱ्याला विचारायचे, "कसं लागतंय?" लोक म्हणायचे, मस्त. यांचं समाधान नाही. "मस्त नको. आंबट आधी येतं की तिखट? घशाशी काय राहतं?" लोकांना घास गिळणं मुश्कील. भेटायला आलेली जोडपी गप्प होऊन खाली बघत बसायची. मी साहेबांना दर दहा मिनिटांनी काहीतरी कारण काढून उठवायचे. फोन आलाय. गॅसवाला आलाय. आयकरवाले आलेत, असंही एकदा सांगितलं.

मी ती नोकरी सोडायच्या थोडं आधीची गोष्ट. रविवार होता, बाहेर लोक ताटकळत उभे, आणि साहेब कोपऱ्यातल्या टेबलावर ठाण मांडून. तिथे सटाण्याकडचं एक कुटुंब जेवून उठायच्या बेतात होतं. मुलगा, सून आणि त्यांची म्हातारी आई. साहेब आजींच्या समोर बसून विचारत होते, "आजी, फुणके कसे लागले? नीट सांगा."

"भूक लागेल व्हती," आजी म्हणाल्या, "बरं लागनं." मग त्यांनी यांच्याकडे निरखून बघितलं. "तुले काय लागस?"

हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी हातात बिल घेऊन मागे उभी होते, आता हे काय सांगतात या धास्तीनं.

"मला सगळं करपलेलं लागतं, आजी," साहेब म्हणाले. अगदी सरळ. शेजारच्या टेबलावरचे लोकही वळून बघायला लागले. "पाणीसुद्धा."

आजींनी 'अरेरे' वगैरे केलं नाही. तोंडात बडीशेप टाकली. "मना म्हातारा बहिरा शे," त्या म्हणाल्या. "तरी रोज भजनले बसस."

"बसून काय करतात?"

"टाय वाजाडस."

"टाळ? मग ताल चुकत नाही?"

"चुकस ना. रोज चुकस," आजी म्हणाल्या. "पन त्याले कोनी उठाडत नही."

साहेब हसले. मी त्यांना मोठ्यानं हसताना तोवर कधी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी. मुलगा घड्याळाकडे बघत होता, सून पर्स आवरत होती, आणि आजी म्हाताऱ्याचं पुढचं काहीतरी सांगायला लागल्या होत्या.

गॅसवाला आलाय हे माझ्या ओठांवर तयार होतं. ते मी गिळलं. दारापाशी गेले आणि बाहेर उभ्या असलेल्या लोकांना सांगितलं, "कोपऱ्यातलं टेबल रिकामं व्हायला वेळ लागेल. किती ते माहीत नाही."